दुर्मिळ रोपाचा धनी कोण?

जी वस्तु दुसऱ्या कोणापाशीं नाहीं ती आपणापाशीं आहे, ह्या विचारानें मनुष्याच्या मनास एक प्रकारचा आनंद होतो. हा आनंद सर्वस्वी वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तो नेहमीं निर्मळच असतो असेंही म्हणवत नाहीं. त्यांत वस्तूवरील प्रेम किती आणि आपल्या मोठेपणावरील प्रेम किती, हें निवडून काढणें कठीण असतें. ह्या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रसंग आम्हांवर मागल्या एका पावसाळ्यांत आला, आणि तो एका लहानशा रानटी रोपाच्या निमित्तानें आला.

आमच्या ओळखीचे एक शिक्षक आहेत. त्यांना झाडाफुलांची फार हौस. एके दिवशीं सायंकाळीं ते भिजत भिजत आमच्या दारीं आले. त्यांच्या हातांत ओल्या फडक्यांत गुंडाळलेला, मुळांसकट उपटलेला एक ठोंब होता. जवळच्या डोंगराच्या कड्यावरून, आपला जीव धोक्यांत घालून, त्यांनीं तो काढून आणला होता. ते म्हणाले, “कड्याची दरड सुटत चालली आहे. शेळ्या तोंड घालतात, उन्हाळ्यांत गवताला वणवा लागतो. आज ना उद्यां हें रोप मरणारच. मंदिराच्या अंगणांत लावलें तर वांचेल, आणि चार लोक पाहतील. मीं चांगलें केलें ना?” त्यांच्या डोळ्यांत खरी कळकळ होती. आम्हांला ‘होय’ही म्हणतां येईना आणि ‘नाहीं’ही म्हणवेना. त्या डोंगराचें नांव आम्ही येथें मुद्दाम देत नाहीं. तसें करण्याचें कारण पुढें आपोआप कळेल.

हें रोप कोणतें, तें प्रथम सांगितलें पाहिजे. डोंगराकडील लोक ह्याला शिंदळ माकुडी म्हणतात. ही रुईच्या कुळांतील एक बुटकी, मांसल वनस्पति होय; माळावर उगवणारें माकडशिंग हें तिचें जवळचें नातलग. कड्याच्या भेगेंत मूठभर मातीचा आधार धरून ती खालीं लोंबत असते. जुन्नरजवळचा शिवनेरी, पुरंदराशेजारचा वज्रगड, साताऱ्याजवळचा सज्जनगड अशा थोड्याच ठिकाणीं ती आढळली आहे. महाराष्ट्राबाहेरच्या रानांत ती आपोआप उगवत नाहीं. पावसाळ्यांत तिच्या जाड, रसाळ फांद्यांच्या शेंड्यांना हिरवीं पानें येतात, आणि पावसाळा उतरूं लागला म्हणजे रुपयाएवढीं, ताऱ्यासारखीं, पांच पाकळ्यांचीं किरमिजी फुलें उमलतात. त्यांवर पिवळे ठिपके असतात. ह्या फुलांकडे माश्या येतात, आणि परागांचे चिकट पुंजके एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेतात. पुढें जोडशेंगा धरतात, आणि त्या फुटल्या म्हणजे रुईच्या म्हातारीसारखें पांढरें केंस लावलेलें बीं वाऱ्यावर निघून जातें.

मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यांतील निकोल अलेक्झांडर डाल्झेल यांनीं अलेक्झांडर गिब्सन यांच्यासह १८६१ सालीं ह्या इलाख्याच्या वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच डाल्झेल यांनीं पुढें तीन-चार वर्षांत, जुन्नरच्या बाजूस मिळालेल्या ह्या रोपाचें वर्णन शास्त्रज्ञांपुढें ठेविलें, आणि त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नांवावरून त्याला ‘फ्रेरिया इंडिका’ असें नांव दिलें. नंतरच्या शास्त्रज्ञांनीं त्याचें कूळ पुन्हां तपासून त्याला दुसऱ्या नांवांखालीं बसविलें. गव्हर्नर गेले, नांवें बदललीं. कड्यावरच्या रोपाला ह्यांतील कशाचीच वार्ता नाहीं. जागतिक निसर्गसंरक्षण संघानें १९८४ सालीं पृथ्वीवरील अत्यंत धोक्यांत आलेल्या बारा वनस्पति निवडून जगापुढें मांडल्या, त्यांत हिची गणना होती.

आतां ही वनस्पति निर्जल कड्यावर जगते कशी, तें पाहा. बहुतेक झाडें दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रें उघडून हवेंतील कर्बवायु आंत घेतात, आणि त्याच वाटेनें त्यांच्या अंगांतलें पाणी बाहेर उडून जातें. शिंदळ माकुडीच्या पानांची रीत अशीच आहे. पण तिच्या खोडाची रीत निराळी. खोड आपलीं छिद्रें रात्रीं, हवा गार असतांना उघडतें. घेतलेला वायु आम्लाच्या रूपानें सांठवून ठेवितें. आणि दिवसा दारें लावून घेऊन, त्या सांठ्यावर सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें आपलें अन्न तयार करितें. ह्या दोन्ही रीती ह्या एकाच रोपांत नांदतात, हें १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दाखविण्यांत आलें. म्हणजे पाऊस आहे तोंवर पानांनीं मिळवावें, आणि पाऊस सरला कीं पानें टाकून देऊन खोडानें काटकसरीनें दिवस काढावे, असा तिचा संसार आहे. कोरडवाहू शेतकऱ्यास हें शहाणपण निराळें समजावून सांगावयास नको.

ह्या रोपाशीं आमचा पूर्वीं एकदां संबंध आला होता, आणि त्यांत अपराध आमचाच होता. एका स्नेह्यांनीं आपल्या कुंडींतील रोपाचा बोटभर तुकडा आम्हांला दिला. ‘दुर्मिळ आहे, जपा,’ एवढेंच ते म्हणाले. आम्हीं जपलें! चांगली काळी माती आणिली, शेणखत घातलें, आणि सकाळ-संध्याकाळ नेमानें पाणी दिलें. रोप प्रथम टवटवीत दिसलें. पुढें हिंवाळ्यांत त्याचीं पानें गळूं लागलीं, तेव्हां आम्हांला वाटलें तें तहानेलें आहे. म्हणून पाणी वाढविलें. एके दिवशीं हात लावून पाहतों तों खोड बुडाशीं मऊ झालेलें. उचलतांच तें हातांत आलें. मूळ कुजून गेलें होतें. ज्या रोपाला दख्खनचा उन्हाळा मारूं शकला नाहीं, त्याला आमच्या ममतेनें दोन-तीन महिन्यांत मारलें.

त्या दिवशीं आम्हीं एक गोष्ट शिकलों. प्रेम करणाऱ्यानें प्रथम आपल्या प्रेमविषयाचा स्वभाव विचारावा. आपणांस जें हवेंसें वाटतें तेंच दुसऱ्याला हवें असेल, असें धरून चालणें हें प्रेम नव्हे. तो आपलाच लाड दुसऱ्याच्या अंगावर केलेला असतो. घरांतील मुलांविषयीं, शाळेंतील विद्यार्थ्यांविषयीं, मंडळींतील दुबळ्या बंधूविषयीं ही चूक आपण किती वेळां करितों, ह्याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

ज्यांना हें रोप योग्य मार्गानें मिळेल, त्यांच्यासाठीं चार शब्द लिहितों. तुकडा मिळाल्यावर त्याची कापलेली बाजू कांहीं दिवस सावलींत वाळूं द्यावी. जखम कोरडी झाल्याशिवाय मातींत खोंचूं नये. तळाशीं भोंक असलेली कुंडी घ्यावी, आणि तींत मुरूम, जाड वाळू व थोडी माती असें मिश्रण भरावें. पाणी घातलें कीं खालून निघून गेलें पाहिजे. कुंडी उंचावर टांगली तर फांद्या कड्यावरच्याप्रमाणें लोंबत राहतात. सकाळचें ऊन द्यावें. पावसाळ्यांत माती सुकल्यावरच पाणी द्यावें, आणि पानें गळूं लागलीं कीं हात आखडावा. पानें गळणें हें मरण नव्हे, ती त्याची विश्रांति आहे. उघडें खोड पाहून घाबरणारा मनुष्य ह्या रोपाचा राखणदार होऊं शकत नाहीं.

आतां शिक्षकांच्या प्रश्नाकडे वळूं. नष्ट होऊं पाहणारें रोप कड्यावरून उपटून बागेंत लावणें, हें पुण्य कीं पाप?

कोणी म्हणेल, “ह्या रोपानें कोणाचें पोट भरत नाहीं. तें कड्यावर मेलें काय आणि अंगणांत जगलें काय, आम्हां गरिबांना त्याचें काय?” हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. ज्याच्या घरीं संध्याकाळची चिंता आहे, त्याला फुलाचें कौतुक सांगणें शोभत नाहीं. परंतु मनुष्यानें कितीही विद्या मिळविली तरी, एकदां समूळ गेलेली वनस्पति त्याला पुन्हां निर्माण करितां आलेली नाहीं. जें आम्हीं केलें नाहीं आणि जें पुन्हां करण्याचें सामर्थ्य आमच्यांत नाहीं, तें आमच्या उपयोगाचें नाहीं एवढ्याच कारणानें नाहींसें होऊं देण्याचा अधिकार आम्हांला कोणीं दिला? गरीब मनुष्य दुसऱ्याचा ठेवा सांभाळूं शकतो. त्याला त्यासाठीं श्रीमंत व्हावें लागत नाहीं.

दुसरा कोणी म्हणेल, “मग शिक्षकांनीं ठीकच केलें. कड्यावर मरण होतें, बागेंत जीवन आहे.” ह्यांत अर्धें सत्य आहे, आणि अर्धें सत्य फार लवकर पटतें. जगभरच्या हौशी लोकांनीं ह्या रोपाचे तुकडे लावून तें आपल्या कुंड्यांत वाढविलें आहे. आपल्याकडील वनस्पतिशास्त्रज्ञांनींही तीं वाढवून कांहीं कड्यांवर परत लावण्याचे प्रयत्न केले आहेत. बागेचा हा उपकार मान्य केलाच पाहिजे. पण येथें एक बारकावा आहे. एका झाडाच्या फांदीचे शंभर तुकडे करून शंभर कुंड्यांत लाविले, तर रोपें शंभर दिसतात, परंतु देह एकच असतो. त्या एकाला जो रोग मारील तो शंभरांनाही मारूं शकेल. बियांपासून उगवलेल्या रोपांत मात्र प्रत्येकाचा पिंड निराळा. एकाला उन्हाचा त्रास होईल तर दुसरें टिकेल. हें निराळेपण कड्यावर आहे, जेथें माशी आहे, वारा आहे, आणि एकमेकांपासून थोड्या अंतरावर उगवलेलीं निरनिराळीं रोपें आहेत. जो त्यांतून एक ठोंब मुळासकट आणितो, तो एक रोप आणितो असें नाहीं. पुढल्या वर्षींच्या बियांचा एक बापच तेथून काढून आणितो. बाग म्हणजे बियाण्याची कणगी. शेत तें नव्हे. कणगी भरलेली आहे म्हणून शेत विकून टाकणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाहीं.

शिवाय एकानें कळकळीनें उपटलें, तर दुसरा हौसेनें उपटील आणि तिसरा पैशासाठीं. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशांत हें घडलें आहे. तेथील लहान लहान मांसल रोपांची देशोदेशींच्या शौकिनांना भुरळ पडली, आणि २०१९ सालापासून पुढें लाखों रोपें रानांतून चोरून उपटलीं गेलीं. तीं विकत घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांना आपण वनस्पतींवर फार प्रेम करितों असें वाटत असेल! आपल्याकडेही राखीव जंगलांतून रोपें उपटून नेणें कायद्यानें मना आहे. परंतु कायद्याचा शिपाई प्रत्येक कड्यावर उभा करितां येत नाहीं. तेथें मनुष्याचें मन हाच शिपाई. म्हणूनच आम्हीं त्या डोंगराचें नांव सांगितलें नाहीं.

तर मग बागेचें काम कोणतें? ह्या ठिकाणीं विल्यम केरी यांची आठवण होते. त्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापलें हें पुष्कळांना ठाऊक आहे. पण ते मोठे बागवान होते हें थोड्यांना ठाऊक असतें. बंगाल्यांत श्रीरामपूर येथें त्यांनीं देशोदेशींच्या वनस्पतींची बाग केली होती, आणि १८२० सालीं शेतीबागाइतीच्या सुधारणेसाठीं एक सभाही स्थापिली. इतक्या कष्टानें वाढविलेल्या त्या बागेचा १८२३ सालच्या महापुरानें नाश केला. ज्यानें सर्व कांहीं एका कुंपणांत जमविलें, त्याचें सर्व कांहीं एका पुराच्या हातीं असतें. ह्यावरून आम्ही असें समजतों कीं, बागेची थोरवी तिच्यांत किती सांठलें ह्यावर नाहीं. तिच्यांतून किती बाहेर गेलें ह्यावर आहे. दुर्मिळ रोप ज्याच्या घरीं आहे त्यानें त्याच्या फांद्या मागेल त्याला द्याव्या. दिल्यानें त्याचें दुर्मिळपण कमी होतें, आणि तेंच तर व्हावयास पाहिजे! आपल्या शेजाऱ्याच्या दारीं तेंच फूल उमललेलें पाहून ज्याचें मन खट्टू होतें, त्यानें समजावें कीं आपण फुलावर प्रेम करीत नव्हतों.

आणखी एक गोष्ट. ज्या गांवीं फाल्गुनानंतर विहिरी तळ गाठतात आणि बायकांना हंड्याखातर कोस कोस चालावें लागतें, तेथें परदेशी फुलझाडांना घागरी ओतणें हें आमच्या मतें योग्य नव्हे. परंतु अंगण उजाड ठेवावें असें मात्र नाहीं. आपल्या माळांवर आणि टेकड्यांवर आपल्याच उन्हांत वाढलेलीं झुडुपें आहेत: पिवळी कोरांटी आहे, तांबड्या फुलांची धायटी आहे. तीं मूळ धरीपर्यंत पाणी मागतात, पुढें फारसें मागत नाहींत. तीं दुर्मिळ नाहींत म्हणून त्यांकडे आपण पाहत नाहीं. पण जें आज दुर्मिळ आहे त्यांतील कितीतरी एके काळीं साधारणच असेल. साधारणाची किंमत कळणें, हीच दुर्मिळाच्या रक्षणाची पहिली पायरी होय.

शिक्षकांना आम्हीं जें सांगितलें तें असें: “तुमची कळकळ खरी आहे, पण जें तुम्हीं आणिलें तें तुमचें नाहीं, आमचेंही नाहीं. पाऊस अजून आहे. मुळें ओलीं आहेत. उद्यां सकाळीं तें जागेवर नेऊन ठेवूं.” ते क्षणभर गप्प बसले. त्यांना वाईट वाटलें, हें आम्हांला दिसलें. इतक्या जिवावरच्या श्रमानें आणिलेली वस्तु परत करणें सोपें नसतें. आणि आमचा सल्ला बरोबर निघेल कीं रोप दोन्हींकडून जाईल, ह्याची खात्री आम्हांलाही नव्हती. रात्रीं झोंप चांगली लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे गेलों. दोर बांधून शिक्षकच खालीं उतरले. आमच्यानें तें होण्यासारखें नव्हतें. जेथून ठोंब काढला होता त्याच भेगेंत त्यांनीं तो बसविला, आणि भोंवतीं खडकाचे कपचे दाबून ठेविले. उपटतांना मोडलेल्या दोन फांद्या फडक्यांत राहिल्या होत्या. त्या आम्हीं वाळवून दोन कुंड्यांत लाविल्या. एक शिक्षकांच्या शाळेंत आहे. दुसरी आमच्या ओसरीवर टांगली आहे, आणि ह्या वेळीं आम्हीं तिला पाणी घालण्याच्या बाबतींत आपला हात आवरला आहे. शाळेंतील कुंडीची एक फांदी यंदा शेजारच्या गांवच्या शाळेंत गेली. शिक्षक मुलांना दरवर्षीं त्या डोंगराच्या पायथ्याशीं नेतात, आणि कड्याकडे बोट करून एवढेंच सांगतात कीं, ह्या रोपाचे थोरले भाऊ तेथें वर राहतात. त्यांना भेटावयाचें तें खालूनच.

ह्या पावसाळ्यांत आम्हीही त्यांच्याबरोबर जाऊन आलों. त्या भेगेंत हिरवीं पानें दिसलीं. फूल होतें कीं नव्हतें, तें इतक्या खालून कळेना. पूर्वीं आम्हांला तें जवळून पाहण्याची ओढ लागली असती; ह्या वेळीं दिसलें तेवढें पुरें वाटलें.

प्रिय वाचकहो, आपल्या स्वाधीन पुष्कळ गोष्टी केलेल्या आहेत: थोडी जमीन, थोडें पाणी, घरचीं मुलें, आणि शेजारच्या डोंगरावरचें, ज्याचें नांवही आपणांस ठाऊक नाहीं असें एखादें रोप. ह्यांपैकीं कशाचेही आपण धनी नाहीं. जो आपणांस धनी समजतो तो वस्तु जवळ ओढतो. जो आपणांस कारभारी समजतो तो तिचा स्वभाव ओळखतो, तिची जागा राखतो, आणि जें वाढेल तें वांटून टाकतो. ह्यांपैकीं आपण कोण, हें दुसऱ्यानें सांगण्याची गरज नाहीं. आपल्या ओसरीवर टांगलेल्या कुंडीकडे एकदां शांतपणें पाहिलें, म्हणजे ज्याचें त्यालाच तें कळेल.